लिंबाखाली लोखंड ठेवणाऱ्या बाई

मला कुणी शिकवायला आलं की माझी मान आपोआप आकडते. लहानपणापासूनचा गुण आहे. चौथीत गुरुजींनी छडी उगारली, मी पाटी तिथंच ठेवून मेंढरांमागं गेलो, तो परत शाळेची पायरी चढलो नाही. पुढं सासऱ्यानं सांगून पाहिलं, सरपंचानं सांगून पाहिलं, तालुक्याच्या साहेबानं सांगून पाहिलं. माझं उत्तर एकच, तुमचं तुमच्यापाशी. अशा माणसानं एका बाईबद्दल लिहायला बसावं, आणि ती पण कॉलेजात शिकवणारी बाई, हे माझ्या घरच्यांना अजून खरं वाटत नाही. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी मोबाईलवर टाइप करते." म्हटलं, मेंढरं राखणाऱ्या हाताला चार अक्षरं जड न्हाईत.

सोलापूरजवळ, होटगीच्या पुढं आमचं गाव. घरात निम्मी मराठी, निम्मी कानडी. रानात बांधाच्या कडेला एक कडुलिंब, आणि लिंबाच्या पुढं वारूळ. आम्ही त्याला हुत्त म्हणतो. माझ्या डोक्याच्या वर हातभर जाईल एवढं उंच, आणि अंगाला उभ्या कडा, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या दिसतात तशा. नागपंचमीला घरच्या बायका तिथं दूध-लाह्या ठेवतात. आईनं जाताना माझ्याकडून एकच शब्द घेतला होता. हुत्ताला लोखंड लागू द्यायचं नाही. विळा नाही, खुरपं नाही, नांगराचा फाळ तर लांबच. भोवतीचं गवतसुद्धा आम्ही हातानं उपटतो. का, ते आईनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईला का विचारतात होय?

त्या वारुळापाशी एके सकाळी सोलापूरची एक जीप येऊन थांबली. चार पोरं उतरली. एक मुलगी किड्यांचा अभ्यास करणारी, एक मुलगा बांधकामाचा इंजिनेर होणारा, एक मुलगी कॉम्प्युटरवर आकार काढणारी आणि एक मुलगा मास्तरकी शिकणारा. नावं माझ्या ध्यानात कधी राहिली नाहीत. मी त्यांना किडेवाली, विटावाला, कॉम्प्युटरवाली आणि शाळेवाला म्हणायचो, आणि तीही ओ द्यायची. त्यांच्या मागून एक बुटक्या बाई उतरल्या. केस पांढरे, वेणी घट्ट, हातात गड्यामाणसाची काळी छत्री. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

विटावाल्याच्या हातात पहार होती. मी मेंढरातनंच ओरडलो, "ए! पहार खाली ठेव. हितं लोखंड चालत न्हाय."

"काका, आमच्याकडं परवानगीचं पत्र आहे."

"मग पत्रालाच इचार, रान कुणाचं हाय."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आता या बाई एक तर मला दटावणार, न्हाय तर हात जोडून मस्का लावणार, असं मी धरून चाललो होतो. दोन्हीची उत्तरं तयार होती. बाईंनी विचारलं, "मामा, कुठपर्यंत चालत नाही?"

"म्हंजे?"

"म्हणजे लोखंड किती लांब ठेवू? लिंबापाशी चालेल का, का पार बांधाच्या पलीकडं नेऊ?"

जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक एक तर हसायचे, न्हाय तर मान डोलवून पुढं जायचे. मला उभ्याउभ्या विचार करावा लागला, आई नांगर कुठून वळवायची. म्हटलं, "लिंबाच्या पलीकडं."

"बरं." बाई तशाच मागं फिरल्या आणि छत्री लिंबाच्या फांदीला अडकवली. "हिच्या काड्या लोखंडी आहेत," म्हणाल्या. मग पोरांना, "सगळं काढा." किल्ल्या निघाल्या, पट्टे निघाले, केसातल्या पिना निघाल्या, मोबाईल निघाले. विटावाला पँट धरून उभा. "मॅडम, चेन?"

कुणीही हसलं असतं. बाई हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "पितळेची आहे का बघ."

पोरगं लाल झालं, पाठ फिरवून बघितलं आणि म्हणालं, "पितळेचीच आहे."

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण माझं हसू निसटलंच.

त्यांचं काम काय, ते बाईंनी तिथंच सांगितलं. आमच्या गावच्या शाळेची एक खोली पत्र्याची. फाल्गुन लागला की तिचा तवा होतो. पोरांना घेऱ्या येतात, गुरुजी दुपारी त्यांना झाडाखाली बसवतात, आणि झाडाखाली धडा कमी नि चिमण्या जास्त. इकडं वारुळात बाहेर कितीही ऊन पेटू दे, आत गारवा तसाच राहतो. हवा आत कशी फिरते ते कळलं, तर तसली भिंत शाळेला बांधता येईल. त्यासाठी वारूळ उभं चिरून बघायचं होतं.

मी म्हटलं, "आमी शाळंत टिकलो न्हाय, आता मुंग्या जाणार व्हय?"

"मुंग्या नव्हेत आजोबा, वाळवी," किडेवाली म्हणाली. "आणि चिरल्याशिवाय आतलं कळणार नाही."

"मग कळणार न्हाय."

पोरीचा चेहरा उतरला. या कामावर त्या चौघांची डिग्री होती, हे मला मागाहून समजलं. बाई मात्र वारुळाकडं बघत होत्या. बघता बघता म्हणाल्या, "न चिरता कसं कळेल, ते बघू या की."

बघू या की. हा त्यांचा मंत्र. मी एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून 'मला माहीत आहे' हे शब्द क्वचित ऐकले. काहीही विचारा, मान तिरकी करायच्या आणि म्हणायच्या, बघू या की. सुरुवातीला मला वाटलं, बाईंना काही येत नाही. आणि ते मी चावडीवर बोलूनही दाखवलं.

त्यांचा दुसरा एक रिवाज होता, तो तर गावाला येडेपणाच वाटला. जग पास झाल्यावर पेढे वाटतं. बाईंच्या टोळीत काम फसलं की पेढे. ज्याचं फसलं त्यानं आणायचे. विटावाल्यानं वारुळाच्या मातीसारखी वीट करायला घेतली, ती उन्हात तडकली. दुसऱ्या दिवशी पोरगं खाली मान घालून पेढ्याचा पुडा घेऊन आलं. बाईंनी आधी मला दिला. "घ्या मामा, आज कळलं की नुसत्या मातीनं भागत नाही." पहिल्यांदा पोरं रडकुंडीला येऊन पेढे वाटायची. पुढं पुढं एवढी निर्ढावली, की जीप थांबायच्या आधीच ओरडायची, "आजोबा, फसलं!" आमच्या घरी वर्षभर पेढे कमी पडले नाहीत.

बाई स्वतः काय करायच्या? बसायच्या. वारुळासमोर. स्टूल आणलं तर त्याला खिळे, म्हणून प्लॅस्टिकचं घमेलं पालथं घालून त्यावर बसायच्या. उगवतीला बसायच्या, दुपार टळटळीत तापली की बसायच्या, दिवस बुडताना बसायच्या. मधूनच उठून एकेका बरगडीला तळहात लावायच्या, कधी गाल लावायच्या, लेकराला ताप आहे का बघतात तसा. पोरांनाही तेच करायला लावायच्या. कॉम्प्युटरवालीनं एकदा कुरकूर केली, तर म्हणाल्या, "तुझ्या मशीनला सांगण्याआधी तुझ्या हाताला तरी कळू दे."

एक दिवस मी जवळून बघितलं, तर त्यांच्या चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. म्हटलं, "बाई, चष्मा मोडला का?"

"नाही, स्क्रू लोखंडाचे होते. काढले."

एवढंच बोलल्या आणि परत बरगडीला गाल लावला. मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्या ध्यानातही नव्हतं. चष्म्यातलं ते मुगाएवढं लोखंड कुणी बघणार नव्हतं, मी नाही, आई तर नाहीच. त्या दिवशी घरी माझी भाकरी ताटात तशीच राहिली. बायको म्हणाली, "कुणाशी भांडून आला?"

वारुळात नाग आहे का, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. बघू तरी, शिकलेलं माणूस काय तोंड वाकडं करतं. बाई म्हणाल्या, "मी पाहिलेला नाही. तुम्ही?"

"मी न्हाय. आईनं बघितला हुता."

"मग आईंना विचारायला हवं होतं, कुठून आत जायचा ते," बाई हळहळून म्हणाल्या. खरंच हळहळल्या. थट्टा नव्हती ती.

आतली ऊब मोजायला सुई आत घालायला पाहिजे होती, आणि सुई लोखंडाची. तिथं सगळं अडलं. पोरं म्हणायला लागली, दुसऱ्या गावचं वारूळ बघू. बाई दोन दिवस घमेल्यावर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आल्या. "मामा, देवाला तांब्याचं पळी-पंचपात्र चालतं ना?"

"चालतं की. तांबं सोवळ्याचं."

"मग तांब्याची तार?"

मी लिंबाखाली बसलो. विडी ओढून संपली तरी उत्तर सापडेना. आईनं लोखंड म्हटलं होतं. तांब्यानं तर ती रोज सूर्याला पाणी घालायची. म्हटलं, "आईनं तांब्याला नको म्हटलं नसतं."

केसासारख्या तारा आल्या, बोरूच्या काडीनं भोक पाडून आत गेल्या. मोजायचं यंत्र लिंबापलीकडं, लांब वायर ओढून. आणि महिन्याभरानं, त्या आकड्यांवरनं हिशोब मांडून, कॉम्प्युटरवालीनं मला पडद्यावर माझं वारूळ दाखवलं. काचेचं असावं तसं आरपार! आतल्या नळ्या, कप्पे, मधली मोठी पोकळी. बाहेरच्या बरगड्या पातळ, त्या उन्हानं आधी तापतात, त्यातली हवा वर चढते. पोट गार, तिथली हवा खाली उतरते. रात्र झाली की सगळं उलटं फिरतं. म्हणजे दिवसातून एकदा आत आणि एकदा बाहेर. माझ्या बापाच्या बापापासून जे नुसतं उभं होतं, ते श्वास घेत होतं.

कॉम्प्युटरवालीनं एका यंत्रातून त्याचं करड्या रंगाचं वीतभर मॉडेल काढून दिलं. ते उघडायचं मधोमध, डब्यासारखं. मी ते देव्हाऱ्यात ठेवलं. पोरगी म्हणाली, "आजोबा, ते अंदाजानं काढलंय, बरोबर असेलच असं नाही." म्हटलं, असू दे, देव पण अंदाजानंच असतो.

भिंत उन्हाळ्याच्या सुट्टीत उठली. पत्र्याच्या खोलीला बाहेरून पोकळ बरगड्या, वर धुराड्यासारखी तोंडं, खाली बोटभर भोकं, त्यातून गारवा आत जायचा. शाळेवाला खोलीत मागच्या बाकावर बसून टिपत राहायचा, कुठलं पोरगं कधी डुलक्या घेतंय, कधी दाराकडं बघतंय. जूनचं ऊन तसंच तापलेलं, पण पोरं खोलीत बसली. गुरुजी तर दुपारच्या सुट्टीतही बाहेर येईनात. मी हात लावून बघितलं आणि चावडीवर जे बोललो होतो ते चावडीवरच परत घेतलं.

पण श्रावणात शाळेवाला सांगत आला, खोली कोंदटली आहे, पोरं परत दाराकडं बघतात. यंत्रही तेच सांगत होतं. चौघं डोकं धरून बसले. कागदावर कागद काढले. हवा उलटी फिरते का, आकार चुकला का! बाई भिंतीला खालून वर हात लावत गेल्या, आणि खालच्या एका भोकात बोट घातलं. बोटाला लाह्या लागल्या.

नागपंचमी होऊन गेली होती. गावच्या बायकांनी शाळेच्या भिंतीला हळदकुंकू वाहिलं होतं, दूध ओतलं होतं आणि भोकाभोकात लाह्या भरल्या होत्या. आघाडीला आमची सूनबाई. मी तिला विचारलं, तर म्हणते, "हुत्तच की ते, मामंजी. गावातच आलंय, मग रानात कशाला जायचं उन्हाचं?"

विटावाला चिडला. म्हणाला, "मॅडम, पाटी लावू या, पूजा करू नये म्हणून." बाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, की पोरगं दोन पावलं मागं सरलं. मग त्या जमिनीवर बसून पोट धरून हसल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "अरे, आपण वारूळ बांधलं आणि बायकांना ते ओळखू आलं! याच्याहून मोठा शेरा कोण देणार? आणि आपण फसलो! पेढे आण, सगळ्या गावाला पुरतील एवढे."

पाटी लागली नाही. भिंतीच्या पायथ्याला बाईंनी एक कोनाडा काढून घेतला, दूध-लाह्यांसाठी, आणि भोकं हातभर वर सरकवली. सूनबाईला विचारून उंची ठरवली, कंबर कुठवर वाकते आणि हात कुठवर पोचतो ते बघून. सूनबाई त्यानंतर मला शिकवायला लागली, हवा कशी फिरते ते.

मग तो दिवस. दिवाळी झाली होती, मी घरच्यांना घेऊन अक्कलकोटकडं पाव्हण्याच्या लग्नाला गेलो होतो. परत आलो, तर रानात गावच्या पाण्याच्या पाइपलाइनचा चर खणलेला आणि वारुळाच्या मधोमध जेसीबीचा दात गेलेला. मशीनवाला परगावचा, त्याला काय ठाऊक. अर्धं वारूळ मातीच्या ढिगात, अर्धं उघडं. मी लिंबाखाली बसलो. कुणी उठवलं तरी उठलो नाही. आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

नातीनं बाईंना फोन केला. जीप आली. पोरं उतरली आणि मी त्यांचे डोळे बघितले. वाईट त्यांना वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, पण समोर वारूळ उभं चिरलेलं होतं. वर्षभर ज्याची वाट बघितली, ते आयतं उघडं पडलेलं. कॉम्प्युटरवालीचा हात कॅमेऱ्याकडं गेला.

"आज नाही," बाई म्हणाल्या. "आज घरच्यांचा दिवस आहे."

आणि त्यांनी छत्री लिंबाला अडकवली. चष्मा तोच, दोऱ्याचा. किल्ल्या काढल्या, पिना काढल्या, पर्स ठेवली.

मी म्हटलं, "आता कशाला बाई? लोखंड तर लागून गेलं."

"त्यांचं लागलं मामा. माझं नाही लागलेलं."

त्या वाक्यानं मी उठलो. आयुष्यात मी कुणाचं ऐकून उठलेलो नाही.

आम्ही दोघं जवळ गेलो. मीच पोरांना हाक मारली, या म्हटलं, बघा, उघडंच हाय. नातीनं देव्हाऱ्यातलं मॉडेल आणलं. मी ते मधोमध उघडून चिरलेल्या वारुळाशेजारी धरलं. तीच नळी, तेच वळण, तीच वरची पोकळी. कधी आत न बघता, नुसत्या तळहातानं आणि केसाएवढ्या तांब्यानं या बाईंनी आतलं सगळं बघितलं होतं. माझी आई गेल्यावर एवढा मोठा माणूस मी बघितला नव्हता.

मग मला विचारायचं होतं ते विचारलं. "राणी वाचली का?"

मॉडेलात अंडी घालणाऱ्या राणीची खोली मधोमध, बुडाशी दाखवलेली. जेसीबीचा दात नेमका तिथून गेला होता. दुसरं कुणी असतं तर म्हातारं माणूस बघून म्हणालं असतं, वाचली असेल, देव आहे. बाई म्हणाल्या, "आमच्या हिशोबानं, नाही. कामकरी वाळवी काही दिवस माती लिंपत राहील, त्यावर जाऊ नका. थंडी सरली की एखादी खपली काडीनं उचला. आत बारीक पांढरी पिल्लं दिसली तर राणी आहे. नाही दिसली तर नाही."

खोटा धीर त्यांनी दिला नाही. म्हणूनच मला धीर आला.

थंडी मी त्या वारुळाशेजारी काढली. माती लिंपली जायची, मी त्यावर जायचो नाही. शिमगा आला तसं एका सकाळी लिंबाची काडी घेतली, अंगावरच्या किल्ल्या लिंबाखाली ठेवल्या, आणि उगवतीच्या बाजूची एक खपली हळूच उचलली.

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या हातानं फोन लावला. पलीकडं बाई "हॅलो" म्हणाल्या.

"बाई, पिल्लं हाईत. पांढरी. लई हाईत."

बाईंनी लगेच विचारलं, "कुठल्या बाजूला, मामा?"

"उगवतीला. पार कडंला."

"म्हणजे राणी तिकडं होती. आम्ही मधोमध धरली होती." त्या थांबल्या. "मामा, आमचं चुकलं होतं."

"व्हय," मी म्हटलं. "मग येताना पेढे घेऊन या."